गॅसची टाकी माझ्या नावावर झाली, पुस्तकं नाही झाली

ई-पुस्तकांच्या दुकानाचे मालक, चालक आणि ग्राहकसेवेच्या खिडकीत बसवलेली मंडळी यांस,

स. न. वि. वि.

यातला 'सप्रेम' सवयीनं पडला. पडला तर पडू दे.

पत्र उघडं लिहिते आहे, कारण बंद पत्रांना तुमच्याकडून जी उत्तरं आली ती सगळी एकाच साच्यातली होती. तुमचं नाव मी इथं घालत नाही. नाव घातलं की तुमच्या धंद्यातले बाकीचे दुकानदार म्हणतील, बरं झालं, हे आपल्याला नाही. हे त्यांनाही आहे.

माझे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले. पुढचे काही महिने मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स, साक्षांकित प्रती आणि हमीपत्रं यांतच गेले. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. बँकेत नामनिर्देशन होतं, तिथं अर्ज, दाखला आणि केवायसी एवढ्यावर भागलं. (1 नोव्हेंबर 2025 पासून तर एका खात्याला चार जणांची नावं लावता येतात.) विजेचं मीटर, घरपट्टी, पाणीपट्टी, ह्यांची जुनी स्कूटर, सगळं रीतसर माझ्या नावावर झालं. कचेऱ्यांना आपण नावं ठेवतो, मीही ठेवते. पण गॅस एजन्सीतल्या मुलीनं कागद चाळले, "काकू, इथं सही करा" म्हणाली आणि टाकी माझी झाली. राहिली होती ती फक्त पुस्तकं. तुमच्याकडची, तीनशेच्या घरातली.

ती तुमच्याकडे कशी आली तेही सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेनं आयर्विन पुलापाशी 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 45. मारुती चौक, हरभट रोड, आमचा गावभाग, सगळं पाण्याखाली. तळमजल्यावरची दोन लाकडी कपाटं पाणी उतरेपर्यंत बुडालेली होती. आत पुस्तकं इतकी फुगली की दारं उघडेनात. शेवटी पहार घालून फळ्या उचकटल्या. नगर वाचनालयाचीही त्या पुरात हजारो पुस्तकं गेली, तिथं आमच्या दोन कपाटांची काय कथा! ह्यांनी जन्म पाटबंधारे खात्यात काढलेला. पाण्याचा राग धरायचा नाही, ही त्यांची शिस्त. पण त्या दिवाळीत त्यांनी तुमचं पुस्तकं वाचायचं यंत्र घेतलं आणि म्हणाले, "आता कृष्णेला म्हणावं, ये."

यंत्र चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. ह्यांना काचबिंदू. अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, शेवटी शेवटी पानावर जेमतेम चाळीस-पन्नास शब्द मावतील एवढं करून वाचायचे. छापील पुस्तकानं ही सोय कधी दिली नसती. त्याबद्दल तुमचे आभार.

आणि वाचता वाचता ते लिहायचे. छापील पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहायची सवय, ती यंत्रावर एका बोटानं चालू राहिली. कळपाटीवर मराठी नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. पुराचं वर्णन आलं तर शेजारी ह्यांचा शेरा: "पाणी असं चढत नाही. आधी मोरीतून उलटं येतं." दुष्काळी गावावरच्या एका कादंबरीत: "हा माळ मी पाहिला आहे. आटपाडीच्या पुढं, डाव्या हाताला." बऱ्याच ठिकाणी नुसतं: "हिला दाखवणे."

'ही' म्हणजे मी. त्यातलं काही त्यांनी दाखवलं. बरंच दाखवायचं राहिलं असणार, कारण संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आणि ते झोपाळ्यावर, आणि नंतर विषय दुसराच निघायचा. ते गेल्यावर मी पहिल्यापासून एकेक पुस्तक उघडून त्या खुणा वाचायला घेतल्या होत्या. घाई नव्हती. पुस्तकं कुठं जाणार आहेत, असंच वाटत होतं.

बाकी सगळं नावावर होत होतं, म्हणून मी तुम्हालाही कळवलं. पुतण्यानं बजावलं होतं, "काकू, सांगायचंच कशाला? पासवर्ड आहे ना, वाचत बसा." पण नवऱ्याची पुस्तकं त्याच्या बायकोनं त्याचं सोंग घेऊन का वाचावी? मी रीतसर लिहिलं: खातेदाराचं निधन झालं आहे, खातं माझ्या नावावर करावं, सोबत दाखला जोडला आहे. आधी यंत्रानं उत्तर दिलं, मग माणसानं, आणि खरं सांगते, दोघांत मला फरक कळला नाही. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. खातं मूळ ग्राहकापुरतंच असतं, ते हस्तांतरित होत नाही. कळवल्याबद्दल आभार. मग एके दिवशी निरोप आला, की दिलेल्या माहितीच्या आधारे, सुरक्षेसाठी, खातं बंद करण्यात आलं आहे.

बंद करा, असं मी कुठंही म्हटलं नव्हतं. पण माझा दाखला तुमच्याकडे तेवढ्याच कामाला चालतो, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी यंत्र हातात घेतलं. घरातलं वायफाय चालू होतं. क्षणभर मुखपृष्ठांच्या रांगा दिसल्या, मग पडदा पांढरा झाला, आणि नवं यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर विचारतात तसं त्यानं मला विचारलं, आपली भाषा निवडा.

पूर ओसरल्यावर निदान लगदा तरी हाती राहिला होता. गच्चीवर वाळत घातला, त्यातून तीस-चाळीस पुस्तकं वाचवली, फुगलेली, वास येणारी, पण ह्यांची पेन्सिल अजून वाचता येते अशी. तुम्ही मात्र काही मागे ठेवलं नाहीत.

आता पैशाचं बोलते, कारण ती भाषा तुम्हाला लवकर कळते. त्या खात्याला जोडलेलं कार्ड माझं होतं. ह्यांचं कार्ड पुरात गेलं तेव्हापासून माझंच जोडलेलं. म्हणजे त्या तीनशे पुस्तकांतल्या जवळजवळ प्रत्येकाचे पैसे माझ्या खात्यातून गेले. घेताना तुम्ही नाव विचारलं नाहीत. वाचायची वेळ आली तेव्हा मी परकी. आणि खातं बंद केल्यानंतरही तुमच्या मासिक वाचन योजनेचे पैसे माझ्याकडून एकदा कापले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आदल्या दिवशी संदेश येतो, तसा तो आला: उद्या आपल्या कार्डावरून अमुक रक्कम वजा होईल. म्हणजे ज्या घरात वाचायला काही उरलेलं नाही, त्या घराचा पत्ता तुमच्या वसुली विभागाला बिनचूक ठाऊक आहे.

छापील कादंबरी चारशेची असली की तुमच्याकडे ती तीनशेला, कधी अडीचशेला मिळते. प्रदर्शनात छापील प्रतीवर वीस टक्के सूट असतेच, म्हणजे ती तीनशेवीसला पडते. फरक उरला वीस ते सत्तर रुपयांचा. या वीस-सत्तर रुपयांत तुम्ही आमच्याकडून काय काय काढून घेतलंत, ते बघा. शेजारणीला वाचायला देणं गेलं. पुस्तक आवडलं नाही तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात देणं गेलं. वाचनालयाला भेट देणं गेलं, मुंजीत एखाद्याच्या हातात ठेवणं गेलं. मरताना कुणाला तरी देऊन जाणं गेलं. यातलं प्रत्येक छापील किमतीत धरलेलंच असतं, कुणी वेगळं लिहीत नाही. मग ते काढून घेतल्यावर किंमत वीस रुपयांनी उतरवायची, याला सवलत म्हणायचं?

सरकारनंही यात हात धुऊन घेतले आहेत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आधी 18 टक्के होता, 2018 च्या जुलैपासून, त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तर, 5 टक्के. कारण काय, तर कराच्या हिशेबात तुम्ही पुस्तक विकतच नाही, ऑनलाइन सेवा पुरवता. करखात्याला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक होतं. पैसे भरणाऱ्या माणसाला तेवढं तुम्ही 'खरेदी करा' असं बटण दाखवलंत.

कागद लागत नाही म्हणून पुस्तकं फुकट द्या, असलं काही मी म्हणत नाही. किमतीत कागदाचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो. लेखक आहे, संपादक आहे, मुद्रितं तपासणारा आहे, मुखपृष्ठ करणारा चित्रकार आहे. आणि मराठीत आवृत्ती हजाराची, हल्ली पाचशेचीसुद्धा. त्यांचे पैसे मिळायलाच हवेत, या बाबतीत आमचे हे तर कर्मठ होते. त्यांच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर रोज कुठल्या ना कुठल्या नव्या पुस्तकाची पीडीएफ येऊन पडायची. ह्यांनी एकही उघडली नाही. उलट गटावर लिहिलं की हा चोरीचा माल आहे, आणि त्यावरून एका जुन्या मित्रानं बोलणं टाकलं. परवा तो मित्र भेटायला आला. त्याच्या पेन ड्राइव्हवर ती सगळी पुस्तकं आहेत, मुलाला आणि सुनेलाही देऊन झाली. तो मला म्हणाला, "वहिनी, तुम्हाला हवी आहेत का?"

काय सांगू मी त्याला? ज्यानं पैसे मोजले त्याच्या घरात काही नाही, आणि ज्यानं मोजले नाहीत त्याच्या दोन पिढ्यांची सोय झाली. हा हिशेब तुमच्या दुकानाचा आहे.

भाड्याला माझी हरकत नाही. मासिक योजनेचं पुस्तक पैसे थांबले की जाणार, हे पहिल्यापासून माहीत असतं. दूरचित्रवाणीवरच्या सिनेमांचंही तेच. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओनं 17 जून 2025 पासून भारतात मध्ये मध्ये जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला वेगळे 699 रुपये मागितले. लोक चिडले, पण ज्याला परवडलं नाही त्यानं सोडलं, आणि त्याचं मागं काही अडकून पडलं नाही. मालकीच्या किमतीत भाडेकरू ठेवणं, हे मात्र मला पचत नाही.

तुम्ही म्हणाल, बाईंना नियम कळले नाहीत, अटी वाचल्या नाहीत. त्या अटी कोण वाचतं, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि हे काही आजचं नाही. 2009 च्या जुलैत ॲमेझॉननं अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत केले. पण पुसायला '1984' हेच पुस्तक मिळावं! मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा कोर्टात गेला. पुस्तकाबरोबर त्याची टिपणं वाया गेली होती, कारण ती ज्या पानांवर होती ती पानंच उरली नव्हती. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, दावा दीड लाख डॉलरवर मिटला. दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं. तोही जुलैच, 2019 चा. आमच्याकडे पूर आला त्याच्या आदल्या महिन्यातला. पुस्तकं उघडेनाशी झाली. पण त्यांनी पुस्तकांचे पूर्ण पैसे परत केले, आणि ज्यांनी त्यात खुणा केल्या होत्या, टिपणं लिहिली होती, त्यांना 25 डॉलर जास्तीचे दिले. 25 डॉलर ही माणसाच्या टिपणांची किंमत आहे का, यावर भांडता येईल. पण तिथं कुणाला तरी सुचलं की पुस्तकाखेरीज आणखीही काहीतरी जातं आहे. तुमच्या एकाही उत्तरात ह्यांच्या टिपणांचा उल्लेख नाही. मी तीन वेगवेगळ्या पत्रांत विचारूनही नाही.

आपल्याकडेही झालं आहे. फ्लिपकार्टनं 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं आणि 2013 च्या जूनमध्ये बंद केलं. मात्र ती गाणी बिनकुलपाची, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाजणारी, एमपी3 होती. ज्यानं उतरवून ठेवली, त्याची ती आजही वाजतात. दुकान मेलं, माल जगला. त्याच कंपनीनं 2015 च्या शेवटी ई-पुस्तकं बंद केली, तेव्हा ग्राहकांना कोबो नावाच्या दुसऱ्या ई-पुस्तकांच्या दुकानाच्या हवाली केलं. पुस्तकांना कुलूप असलं की असंच होतं, ज्याच्या हाती किल्ली त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. ॲपलनं 2009 मध्ये गाण्यांवरची कुलपं काढली, त्यानं गाणी विकणं काही बंद पडलं नाही. टॉर नावाच्या इंग्रजी प्रकाशनानं 2012 पासून पुस्तकं बिनकुलपाची विकली, ते अजून धंद्यात आहेत. तुमची मंडळी उलट्या दिशेला चालली आहेत: किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात घालायची वाट होती, ती ॲमेझॉननं 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद केली.

कायद्याकडे बघावं तर तिथंही आमच्यासारख्यांना जागा नाही. कागदी पुस्तकाची प्रत एकदा विकली गेली की ती पुढं कुणी कुणाला विकावी यात लेखक-प्रकाशकाला बोलता येत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही बाजारात आलेल्या प्रती लेखकाच्या हक्कातून वगळलेल्या आहेत. म्हणून तर पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या चुली पेटतात. ई-पुस्तकाला हे लागू आहे का, असा नेदरलँडमधला एक खटला युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2019 मध्ये निकाल आला, लागू नाही. कॅलिफोर्नियानं निदान एवढं केलं, की 1 जानेवारी 2025 पासून तिथं परवाना विकताना 'खरेदी' म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. ॲपलनं 2021 मध्ये वारसदार नेमायची सोय केली. त्यात मयताचे फोटो मिळतात, पत्रं मिळतात. विकत घेतलेली गाणी, सिनेमे, पुस्तकं मिळत नाहीत! आणि आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याच्या कलम 14 मध्ये आपल्या पश्चात आपल्या माहितीवरचे हक्क कुणी बजावायचे, त्याचं नाव देता येतं. नियम यायला 2025 उजाडलं, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. ह्यांनी कुणाचं नाव कुठं दिलं नव्हतं, कारण तुमच्या अर्जात तसा रकानाच नव्हता. एलआयसीच्या एजंटनं आमच्या पहिल्या पॉलिसीच्या वेळी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, पैशाच्या आधी तो रकाना भरून घेतला होता.

मला सगळ्यात काय लागलं म्हणाल, तर नियम नाही. नियम बदलतील, उद्या कुणी कोर्टात जाईल, दहा वर्षांनी तुम्हीच एखादी मोठी जाहिरात द्याल की आमच्याकडे आता वारसदार लावता येतो. लागलं ते हे, की इतकी वर्षं आम्ही तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून येत होतो आणि तुमच्या लेखी त्या घरात माणसं नव्हतीच. एक खातं होतं, ते चालू होतं, आता बंद आहे. हरभट रोडवरच्या आमच्या पुस्तकवाल्यानं ह्यांनी सांगून ठेवलेली दोन पुस्तकं ते गेल्यावर घरी आणून दिली आणि पैशाचं नावही काढलं नाही. तुमच्याकडून इतकी अपेक्षा नाही. तुम्ही सांगलीचे नाही, तुम्हाला आम्ही माहीत असायचं कारण नाही. पण माझ्या पत्रातलं 'पत्नी' हे नातं वाचूनही तुमच्या खिडकीतल्या एकाला थांबावंसं वाटू नये?

तेव्हा आता मागणं. ते फार नाही.

यापुढं जे विकता ते विका, आणि भाड्यानं देता ते भाड्याच्या दरानं द्या. चारशेच्या कादंबरीचे तीनशे घेणार असाल तर कुलूप काढून द्या. कुलूप ठेवणार असाल तर पन्नास-साठ घ्या आणि पानाच्या वरच तसं लिहा. आमच्यासारखे म्हातारे तेही घेतील, मोठ्या अक्षरासाठी घेतील. खातं उघडताना वारसदाराचा रकाना ठेवा. हा रकाना ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, कुठल्याही कायद्यानं तुम्हाला अडवलेलं नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर ती तीनशे पुस्तकं परत करू नका. त्यातली हवी ती मी पुन्हा घेईन, छापील, वरच्या मजल्यावर ठेवीन. कापलेली महिन्याची वर्गणीही ठेवा. मला ह्यांची टिपणं हवी आहेत. ती तुमची नाहीत, प्रकाशकाची नाहीत, लेखकाचीही नाहीत; त्यावर तुमच्या परवान्याचा काही हक्क पोचत नाही. ती तुमच्या संगणकात कुठं तरी असणार, कारण इतकी वर्षं एका यंत्रावर लिहिलेलं दुसऱ्यावर तुम्हीच आणून दाखवत होता. पुस्तकाचं नाव, पान आणि त्यापुढं ह्यांनी लिहिलेलं, एवढंच. इंग्रजी अक्षरांतलं मराठी मी लावून घेईन. ईमेल नको असेल तर छापून पाठवा, टपालखर्च मी भरेन. पत्ता शोधावा लागणार नाही, यंत्र याच पत्त्यावर आलं होतं.

कळावे,

एक वाचक,
गावभाग, सांगली